पुढची गाडी सोडायची नाही

हे मी रचलेलं नाही. माझ्या बायकोसमोर घडलं आहे आणि तिने आजपर्यंत यातला एकही शब्द खोटा ठरवलेला नाही. ठरवला असता तर मला बरं वाटलं असतं.

रात्रीची गोष्ट नाही. दुपारचे सव्वातीन वाजले होते. लख्ख ऊन होतं.

माझं जीपचं गॅरेज आहे. सुट्टीच्या दिवशी मी लोकांना डोंगरातल्या कच्च्या वाटांवर गाडी चालवायला शिकवतो. चिखल, दगडगोटे, ओढे, खडे चढ. पण कुणीही उठून त्या जंगलात शिरायचं नाही. परवाना लागतो. एकट्या गाडीला सोडत नाहीत, किमान दोन हव्यात. लाल पाटी असेल त्या वाटेला जायचं नाही. वाटेतलं गेट जसं दिसेल तसंच ठेवायचं, उघडं तर उघडं, बंद तर बंद.

आणि फाट्यावर पुढच्या गाडीने थांबायचं. मागची गाडी आपल्यामागे वळलेली डोळ्यांनी बघायची, मगच पुढे निघायचं.

हे सगळं मीच शिकवतो.

त्या दिवशी पुढच्या गाडीत मी आणि बायको होतो. मागच्या गाडीत तिचा धाकटा भाऊ, बारक्या. नाव बारक्या, पण आमच्या दारातून आत येताना त्याला वाकावं लागायचं. आई गेल्यापासून बायकोनेच त्याला वाढवलं. आमच्या लग्नात तो दुसरीत होता. बायकोबरोबर एक पोरगा मोफत मिळाला, असं मी सगळ्यांना सांगायचो आणि तो चिडायचा. आता त्याने स्वतःची जीप घेतली होती, आठवडाही झाला नव्हता.

जंगलाच्या नाक्यावरच्या गार्डने परवाना बघितला.

"दोन गाड्या, तीन माणसं," त्याने वहीत लिहिलं. "सहाच्या आत बाहेर या. मी शोधत येणार नाही, सांगून ठेवतो."

हा माणूस दरवेळी असंच बोलतो आणि पाच मिनिटं उशीर झाला की शोधत येतो.

आता माझी चूक सांगतो. मला थट्टेची वाईट खोड आहे. दोन्ही गाड्यांत वॉकीटॉकी होते. निघाल्यावर थोड्या वेळाने मी त्याला म्हणालो, "बारक्या, थांब! पुढे रस्ता खचलाय!" त्याने कच्चकन ब्रेक मारला.

मी मात्र चालवतच होतो.

"अरे गाढवा, मी थांबलोय का? वॉकीटॉकीवर काहीही ऐकू येतं, दुसऱ्या कुणाचं बोलणंही मध्येच घुसतं. डोळ्यांसमोर गाडी आहे ना? मग पुढची गाडी सोडायची नाही!"

दुसऱ्यांदाही तो फसला. तिसऱ्यांदा मी ओरडलो तेव्हा नुसता हसला.

"नाही थांबणार, भाऊजी!"

"शाबास," मी म्हणालो.

बायको म्हणाली, "पुरे आता. घाबरवून सोडाल त्याला."

पुढे फाटा आला. आमची वाट डावीकडे. उजवीकडे लाल पाटी आणि तिच्यामागे साखळीने बांधलेलं लोखंडी गेट. ती वाट कित्येक वर्षं बंद आहे.

मी आरशात बघितलं. मागे धूळ उडत होती. धुळीत दोन दिवे दिसले.

आला की, म्हटलं. आणि मी थांबलो नाही.

दहा मिनिटं तशीच गेली. दिवे मागे होते. सारख्या अंतरावर. ना जवळ येत होते... ना लांब जात होते.

मग वॉकीटॉकी खरखरला.

"भाऊजी, ते गेट उघडंच होतं. मी तसंच ठेवलं. बरोबर ना?"

आमच्या वाटेवर गेट नाही.

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी बटण दाबलं. "कुठलं गेट रे?"

"आता गेलो ते. लाल पाटी होती ना बाजूला? मला वाटलं, बंद असेल. पण तुम्ही शिरलात, म्हणून मीही आलो."

मी ब्रेक मारला. खाली उतरलो. मागे गेलो.

मागे गाडी नव्हती.

धूळसुद्धा नव्हती...

बायको गाडीच्या दारात उभी राहून विचारत होती, "कुठाय तो? आत्ता तर होता!" गाडी वळवता वळवता मी तिला सांगितलं, "त्याला म्हणावं थांब. जिथे असशील तिथे थांब."

"बारक्या, थांब! आम्ही तुझ्यापुढे नाही आहोत!"

तिकडून हसण्याचा आवाज आला.

"ताई, आता तूपण? नाही थांबणार!"

"अरे थट्टा नाही रे! शपथ!"

"समोर दिसताय की मला. पांढरी जीप, टपावर दोरखंड, मागे चिखल. भाऊजी, हिला नीट खोटं बोलायला शिकवा!"

आमच्याच गाडीचं वर्णन होतं. मी वॉकीटॉकी हिसकावून घेतला. ओरडलो, शिव्या घातल्या, हात जोडतो म्हणालो. जितका ओरडलो तितका तो हसला. मीच त्याला पढवून ठेवलं होतं. आता कुठल्या तोंडाने समजावणार होतो?

मग वॉकीटॉकी पुन्हा खरखरला.

"ताई..."

"बोल, बोल बाळा."

"तू मागे वळून का बघतेयस? मघापासून नुसती बघतेयस माझ्याकडे. मान दुखेल तुझी."

बायको माझ्या शेजारी बसली होती. पुढे, रस्त्याकडे बघत. तिने माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली.

आम्ही फाट्यावर पोहोचलो. लाल पाटी होती. गेट बंद होतं. साखळी गंजलेली, कुलूप गंजलेलं. पलीकडे कमरेएवढं गवत उभं होतं. एकही काडी मोडलेली नव्हती.

चाकाची खूण गेटच्या अलीकडे होती. सरळ गेटपर्यंत गेलेली. पलीकडे काहीच नाही.

मी गेटवरून उडी मारली आणि पळत सुटलो. बायकोला म्हणालो, "बोलत राहा त्याच्याशी. बोलणं तोडू नकोस."

तीस-चाळीस पावलं गेलो असेन. तिथे रस्ता संपला. वळण नाही, काही नाही. सगळा डोंगराचा कडाच कधीतरी खाली कोसळलेला. पायाखाली झाडांचे शेंडे दिसत होते. मी पोटावर झोपून खाली बघितलं. मोडलेली फांदी नाही, काच नाही, धूर नाही. पाखरं बोलत होती. खूप वेळ मी नुसता बघत राहिलो. मग त्याला हाका मारल्या. माझाच आवाज परत आला.

मागून, गेटजवळून, वॉकीटॉकीतला त्याचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

"रस्ता मस्त आहे हो भाऊजी. एवढी चांगली वाट आणि बंद का ठेवलीय?"

मी परत पळालो. बायको दोन्ही हातांनी वॉकीटॉकी धरून उभी होती. रडत होती, पण बोलणं तोडलं नव्हतं. लहानपणी त्याला कसा ताप यायचा, शाळेत कसा रडायचा, काय काय सांगत होती. तो "हो ताई, हो ताई" करत होता. आता हसत नव्हता.

"ताई, एक विचारू?"

"विचार."

"तू माझ्याशी बोलतेयस. पण समोरच्या गाडीत तुझं तोंड हलत नाहीये..."

मी तिच्या हातातून वॉकीटॉकी घेतला. मी बटण दाबलं. "बारक्या, आता तरी ऐक. ती आम्ही नाही. ब्रेक मार. गाडी वळव."

"वळवायला जागा नाही, भाऊजी." आवाज बारीक झाला होता. "मागे रस्ताच दिसत नाही."

खरखर...

"तुम्ही थांबलात. दार उघडलंय. ताई उतरतेय."

वॉकीटॉकीवर एका वेळी एकालाच बोलता येतं. त्याने बटण दाबून धरलं असेल, तर आपलं काहीच त्याला ऐकू जात नाही. आणि त्याने बटण सोडलंच नाही. त्याचा श्वास ऐकू येत होता. गाडीचं इंजिन ऐकू येत होतं.

मग... पावलं. खडीवरची. सावकाश.

बायको किंचाळत होती. "उतरू नकोस! दारं लाव! काचा वर कर! ती मी नाही रे!"

"भाऊजी," तो कुजबुजला. "ही ताईच आहे ना?"

टक्... टक्... काचेवर बोट वाजल्यासारखं.

तिसऱ्यांदा टक् झालं आणि आवाज बंद झाला. खरखरही गेली.

सव्वासहाला गार्ड मोटरसायकलवरून शोधत आला. आम्ही दोघं गेटजवळ बसलो होतो. त्याने वही काढली. दोन गाड्या, तीन माणसं. मग आमच्याकडे बघितलं आणि वही परत खिशात ठेवली. गेटची किल्ली त्याच्याकडे होती. कुलपात गेली, पण फिरली नाही.

पुढे आठ दिवस शोध झाला. दरीत दोर सोडून माणसं उतरवली. एवढी मोठी जीप, तिचा एक बोल्टसुद्धा मिळाला नाही. पोलिसांनी मला खूप विचारलं. मी हेच सांगितलं, जे इथे लिहितोय. त्यांनी कागदावर वेगळंच काही लिहिलं.

मी शिकवणं सोडलं. बायको माझ्यावर चिडली नाही. चिडायला हवी होती.

ती फक्त अधूनमधून एकच विचारते. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, माझ्याकडे न बघता.

"शेवटी माझा आवाज त्याला ऐकू गेला असेल का हो?"

मी "हो" म्हणतो. तिला बरं वाटावं म्हणून.

पण ऐकू गेला असेल तर त्याने दारं लावून घेतली असतील. ताईचा शब्द त्याने कधी मोडला नाही. मग तो अजून तिथेच बसलाय, काचा वर करून, आम्ही येऊ म्हणून.

आणि आम्हाला तिथे जायला वाट नाही.