लाखेवरची बोरमाळ

रंभाबाईंच्या तळहातावर फुटलेल्या मण्यातून काळपट लाखेचा चुरा गळला आणि साऱ्या घराचा जणू श्वासच थांबला!

चारुशीलेच्या लग्नाला आठच दिवस उरले होते. लेकीसाठी काढलेली ती आजेसासूची बोरमाळ... आणि मण्यांत सोन्याऐवजी लाख!

रंभाबाई सुनेवर कडाडल्या, “दिवाळीत माळ नव्या दोऱ्यात गाठवाले तूच नेली होती ना वं, अनुसया? सोनं काढून लाख काहून भरली? माहेरी धाडलं का?”

शेजारच्या बाया हातमाग सोडून दारात जमल्या होत्या. अनुसयेने नवऱ्याकडे पाहिलं. जागेश्वर मान खाली घालून उभा होता. काही न करताही ती शरमेने काळवंडली.

“देवाशपथ, मी नाही केलं, आई...”

पण नणंदेचं लग्न अडता कामा नये! माहेरी भिवापूरला मिरच्या तोडण्याच्या मजुरीतून तिच्या आईने घडवलेल्या पाटल्या तिने हातांतून उतरवल्या. “ह्या मोडा. चारूले नवी माळ करा.”

साऱ्यांनी तो त्याग गुन्ह्याची कबुली मानला. त्यानंतर तीन वर्षं कपाटाची किल्ली तिच्या हाती आली नाही.

मग चारुशीलेच्या बाळासाठी रंभाबाई ती जुनी माळ मोडायला इतवारीच्या सराफ्यात गेल्या. म्हाताऱ्या सोनाराने मणी न्याहाळले.

“बाई, जुनी बोरमाळ अशीच राहते. पातळ पत्रा ठशावर ठोकून दोन वाट्या जोडतात, मणी चेपू नये म्हणून आत ऊन लाख भरतात. एकही मणी बदलला नाही. मोडू नका, असा हात आता राहिला नाही.”

भर दुपारी अनवाणी पावलांनी रंभाबाई परतल्या. घरात न शिरता गल्लीतच उभ्या राहिल्या आणि फाटक्या आवाजात ओरडल्या, “बायांनो, ऐका! माझी सून चोर नाही! माळ पहिलेपासून लाखेचीच होती... मीच आंधळी! तिच्या मायच्या पाटल्या मी मोडून खाल्ल्या!”

माग थांबले. जागेश्वर उंबऱ्यातच खाली बसला, दोन्ही हातांनी तोंड झाकून...

अनुसया धावत बाहेर आली. सासूच्या डोक्यावरून घसरलेला पदर तिने सावरला.

“पुरे, आई... लोक पाहून राहिले. घरात चला.”

रंभाबाईंनी वर पाहिलंच नाही.

“येऊ देशील मले... तुझ्या घरात?”

अनुसयेने त्यांचा हात घट्ट धरला आणि त्यांना आत नेलं.