बिनशब्दाची रेघ

देवाजी मास्तरांची मान मागून अर्धी तुटली होती. शाळेच्या आतल्या भिंतीशी ते बसल्यासारखे पडले होते. कुऱ्हाड शेजारीच होती. उजव्या हाताचे बोट रक्ताने माखलेले, आणि त्याच रक्ताची एक रेघ भिंतीवर ओढलेली.

फौजदार उरकुडे गडचिरोलीहून कोसमटोल्याला पोचले तेव्हा दुपार झाली होती. साल १९५८, मोह्याचे दिवस. शाळेच्या ओट्यावरच्या खांबाला लाकूडतोड्या जंगू बांधलेला होता. त्याचा एक डोळा सुजून मिटला होता, ओठ फाटला होता.

"याला कोणी मारलं?"

"सारा गाव होता, साहेब," झाडू कोतवाल म्हणाला. "सकाळी म्याच पायलो मास्तरले. मरता मरता त्यायनं नाव दाखवलं ना भितीवर. ठेकेदाराच्या मुन्शीजीनं वाचून सांगतलं."

"कुऱ्हाड कोणाची?"

"माही," खांबावरून जंगू बोलला. "पन काल वर्गात बसाच्या आंधी ओट्यावर ठेवली, अन् वर्ग सुटला तवा नव्हती. साऱ्याईच्या होत्या, माहीच नव्हती."

"खोटं बोलते," झाडू म्हणाला.

"तू गप," उरकुडे म्हणाले, आणि आत गेले.

अशी भिंत त्यांनी कोणत्याच शाळेत पाहिली नव्हती. गेरूने लिहिलेले शब्द, प्रत्येक शब्दाभोवती गोल, आणि गोलांना जोडणाऱ्या रेघा. प्रत्येक रेघेवर आणखी एक शब्द. त्यांनी वाचून पाहिले. 'अस्वल', रेघेवर 'खाते', पुढे 'मोहा'. 'जंगू', रेघेवर 'तोडतो', पुढे 'साग'. अख्खे गाव भिंतीवर पसरले होते.

रक्ताची रेघ 'मास्तर' या शब्दापासून निघून 'जंगू'पाशी थांबली होती.

वरच्या कोपऱ्यात दोन गोल मोकळे होते. 'चंदा' आणि 'मुन्शी'. त्यांच्यामध्ये रेघ नव्हती.

"चंदा कोण?"

दारातल्या बाईने मान खाली घातली. सोमारी तिचे नाव. मास्तरांच्या प्रौढवर्गात ती पहिल्या दिवसापासून बसत होती.

"जंगूची बहीण. मेली त्याले आठ दिस झाले. जंगू अजून साऱ्याईले इचारत फिरते. तोडीवर अंगावर लाकूड पडलं म्हनते."

"कोण म्हणतं?"

सोमारी दारातून दोन पावले आत सरकली.

"बरं. या रेघा मास्तर काढायचे?"

"नाई. मास्तर भितीले हात नाई लावे. म्हने, ज्याले मायती हाये त्यानंच जोडाव. मंग शब्द लिवाव. मंग साऱ्याईनं मोठ्यानं वाचाव. शब्द नसन तं रेघ पुसून टाकाव."

"कधीच नाही? शिकवतानासुद्धा?"

"म्या एकडाव म्हनलो, तुमीच काढा ना, माहा हात थरथरते. तं म्हनले, थरथरू दे, सोमारी, रेघ तुहीच हाये."

उरकुडेंनी दोन्ही मोकळ्या गोलांवर बोट ठेवले. "आणि हे?"

"काल लिवाले लावले मास्तरनं. म्हनले, याच्यामंधी काय हाये ते ज्याले मायती त्यानं उद्या रेघ ओढाव. कोनी नाई उठलं."

"बाहेर कोणी होतं?"

तिने खिडकीकडे पाहिले. खिडकी ओट्यावर उघडत होती. "मुन्शी उभा राहे. हसे आमच्यावर."

जंगलाच्या ठेकेदाराचा मुन्शी मुखरू ओट्यावर पान लावत होता. उरकुडेंनी त्याला आणि झाडूला आत बोलावले.

"मुन्शीजी, वर्गात कधी बसलात?"

"मी? मले चौथीपासून लिवता येते, साहेब. म्हाताऱ्या बायाईत बसून काय गिरवू? गावात वाचनारे आमी दोघंच होतो, मी अन् मास्तर. हे तं अजून गिरवूनच राह्यले."

"झाडू, तू?"

"मास्तर भांडले माह्यासंग, ये म्हनून. म्या नाई आलो."

"जंगूचं नाव दाखव."

झाडूने बराच वेळ भिंत न्याहाळली आणि 'मोहा'वर बोट ठेवले. मुन्शी हसला, पुढे झाला आणि क्षणात 'जंगू' दाखवून मोकळा झाला.

"जंगूला सोडून आत आणा," उरकुडे सोबतच्या शिपायाला म्हणाले. "गेरू द्या त्याच्या हातात. जंगू, एक रेघ ओढ. कोणतीही."

जंगूचे मनगट दोराने सोलून निघाले होते. त्याने स्वतःच्या नावापासून 'चंदा'पर्यंत रेघ ओढली.

"पुरे, ये इकडे."

जंगू हलला नाही. "शब्द राह्यला," तो म्हणाला. एकेक अक्षर जुळवत त्याने रेघेवर लिहिले: भाऊ. मग ते मोठ्याने वाचले आणि तेव्हाच तो मागे सरला.

उरकुडे मुन्शीकडे वळले.

"मास्तरांनी या भिंतीवर एकही रेघ ओढली नाही. आणि मानेवर असा घाव बसल्यावर माणूस बोटही उचलत नाही. म्हणजे मेलेल्या माणसाचं बोट रक्तात बुडवून ही रेघ दुसऱ्या कोणी ओढली. जंगू आपल्याच नावावर बोट दाखवणार नाही. वर्गातल्या कोणी ओढली असती, तर वर शब्द असता. मार खाऊनही याचा हात शब्दाशिवाय थांबला नाही. झाडूला नाव सापडत नाही. उरला तो, ज्याला वाचता येतं, पण जो कधी वर्गात बसला नाही. ज्यानं खिडकीतून रेघा पाहिल्या, पण हसण्याच्या नादात नियम ध्यानात घेतला नाही. आणि ओट्यावरची कुऱ्हाड त्याच्या हाताशी होती."

"काऊन मारीन मी मास्तरले?" मुन्शीने विचारले. आवाज शांत होता.

"त्या दोन गोलांसाठी. आज कोणीतरी रेघ ओढणार होतं. मास्तर गेले की वर्ग संपला, आणि बहिणीचं विचारणारा जंगू फासावर."

मुन्शीने वाकून कुऱ्हाड उचलली. पहिला वार उरकुडेंच्या दंडावर बसला. खाकी बाही फाटून रक्त उडाले. दुसरा वार भिंतीत रुतला. कुऱ्हाड उपसायच्या आत जंगू त्याच्या अंगावर कोसळला. दोघे मास्तरांच्या पायाशी लोळले. जंगूने मुन्शीचे डोके जमिनीवर आपटले, पुन्हा आपटले. शिपायाने लाठी आडवी घातली नसती तर त्या दिवशी शाळेत दोन प्रेते झाली असती.

मुन्शीला त्याच खांबाला, त्याच दोराने बांधले.

उरकुडे दंडाला फडके गुंडाळत होते. सोमारी खाली पडलेला गेरूचा खडा घेऊन भिंतीपाशी गेली. 'मुन्शी'पासून 'चंदा'पर्यंत तिने रेघ ओढली. रेघ वाकडीतिकडी आली. कुऱ्हाडीच्या खाचेला वळसा घालावा लागला.

"त्यानं धमकावलं होतं मले," ती म्हणाली. "तुहंबी लाकूड पाडीन म्हने."

"तू पाहिलंस?"

"झाडामागं होतो. चंदानं त्याचा हात झटकला. तं त्यानं कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, मागच्या बोथट बाजूनं, डोक्स्यात हानलं. लाकूड मंग लोटलं अंगावर."

तिने रेघेवर एक शब्द लिहिला. शेवटचे अक्षर जमेना, म्हणून ते पुसून पुन्हा काढले. मग नियमाप्रमाणे ती मागे सरली आणि तिने गावाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचले.

"मुन्शीनं मारलं चंदाले."

दारात उभ्या असलेल्या वर्गाने तिच्यामागून ते वाचले.