चार चाळीसची मालगाडी

मी अकोल्याला शाळेत गणित शिकवते. वर्गात कुणी भुताची गोष्ट काढली, तर त्याला मी बाकावर उभं करते. त्यामुळे हे मी रचलंय असं ज्यांना वाटेल, त्यांनी खुशाल इथेच थांबावं. मला राग येणार नाही.

पण हे घडलं आहे. माझ्या बाबांच्या बाबतीत, आणि आता माझ्या.

१७ डिसेंबर २०२३, रविवार. अमरावती, राजापेठच्या मागच्या गल्लीतलं आमचं घर. रात्र नव्हती, अंधारही नव्हता. दुपारचे साडेचार झाले होते आणि गच्चीवर लख्ख ऊन होतं.

बाबा, म्हणजे खुशालराव, मालगाडीवर गार्ड होते. रिटायर झाल्यावर लोक देवळात जाऊन बसतात. बाबांनी वरच्या खोलीत रेल्वे बसवली.

खेळण्यातली, पण खेळणं म्हणायची सोय नव्हती. प्लायवूडच्या तीन मोठ्या फळ्या. त्यावर रूळ, सिग्नल, बोगदा. वापरलेली चहापत्ती वाळवून केलेली काळी माती. गल्लीतली पोरंच काय, त्यांचे बापही बघायला यायचे.

आणि आलेल्या प्रत्येकाची नजर आधी मधल्या फळीवर जायची.

तिथे आमचं बडनेऱ्याचं जुनं रेल्वे क्वार्टर होतं. त्याची मागची बाजू. बुटकी भिंत, काथ्याचं कडुलिंबाचं झाड, दोरीवर आईच्या खऱ्या लुगड्याचे कपटे वाळत घातलेले. मागच्या दाराच्या पायरीवर बोटाच्या पेराएवढी एक बाई. हात वर केलेली. हातात नखाएवढं हिरवं कापड.

ती माझी आई. वच्छला.

हे जरा समजावून सांगावं लागेल.

आमच्या क्वार्टरच्या मागूनच रूळ जायचे. बाबांची गाडी यार्डातून कधी सुटणार ते आईला ठाऊक असायचं; पुढे मोबाइल आल्यावर ते सुटताना एक मिस्ड कॉल द्यायचे आणि फोन बंद करायचे. आई मागच्या दारात जाऊन उभी राहायची. शेवटचा गार्डचा डबा आला की ती हिरवी चिंधी हलवायची, बाबा हिरवी झंडी हलवायचे. घरी बरं आहे, गाडीत बरं आहे. एवढंच बोलणं. वीस वर्षं.

चिंधी म्हणजे बाबांची फाटकी झंडीच. जुन्या हिरव्या झंडीचे तुकडे मागच्या दाराला अडकवलेले असत. जुन्या लाल झंडीचे तुकडे आई स्वयंपाकघरात गरम भांडी उतरवायला वापरायची. पण लाल कापड मागच्या दाराबाहेर न्यायचं नाही, असा तिचा कडक नियम होता. माझा लाल फ्रॉकसुद्धा समोरच्या अंगणात वाळायचा.

२००९ च्या डिसेंबरात आई गेली. हार्ट अटॅक. मी बारावीला होते, ट्यूशनला राजापेठेत. शेजारचं क्वार्टर रिकामं होतं. सहा वाजता मी घरी पोचले तेव्हा ती मागच्या दाराशी पडलेली होती. हातात लाल चिंधी. चहा उतरवायला उठली असेल, असं सगळे म्हणाले.

बाबा दुसऱ्या दिवशी आले. त्यांची गाडी चार चाळीसला घरामागून गेली होती. मी विचारलं, "बाबा, तेव्हा आई कशी होती?"

ते म्हणाले, "हिरवी दाखवली ना तिनं. चांगली होती."

चौदा वर्षं मी तेच धरून होते.

तर त्या रविवारी मी अकोल्याहून आले होते. बाबा वरच्या खोलीत होते. मी चहा घेऊन गेले, तर त्यांनी घड्याळ बघितलं.

"पौर्णिमे, तू खाली जाय."

"काहून?"

"मी म्हणतो म्हणून जाय. पाच मिनटानं ये."

मी हटवादी आहे. स्टूल ओढून बसले.

बाबांनी गाडी सुरू केली. बोगद्यातून इंजिन आलं. चाकांचा तो बारीक आवाज... खट्-खट्... खट्-खट्... गाडी वळण घेऊन मधल्या फळीवर आली.

आणि आवाज बंद झाला.

गाडी चालूच होती. डबे माझ्या डोळ्यांसमोरून जात होते. पण गाडी क्वार्टरच्या भिंतीमागून पार होईपर्यंत कसलाच आवाज नाही... रस्त्यावरच्या गाड्यांचाही नाही.

शेवटचा डबा पुढे गेला. खट्-खट् परत सुरू झालं.

मी आईकडे पाहिलं.

तिच्या हातातलं कापड... लाल होतं.

बाबांनी चिमट्यानं ते काढलं. रोजचं काम असावं तसं. मग हिरवा तुकडा चिकटवला आणि लाल तुकडा बामच्या रिकाम्या डबीत टाकला. डबी मी हिसकावून घेतली. काठोकाठ लाल कपटे भरले होते.

"बाबा, हे तुम्हीच लावता ना?"

"मी काहून लावीन, बाई? लाल कापडच नाई घरात. मी तं हिरवं लावतो. रोज."

"मग?"

त्यांनी गाडीचा स्विच बंद केला.

"तुले खोटं सांगतलं होतं मी," ते म्हणाले. "तिनं लालच दाखवली होती. अशी दोन्ही हातानं. मले दिसली. सपष्ट दिसली."

त्यांनी चिमटा खाली ठेवला.

"मले वाटलं, घाईघाईत उठून आली, हातातली चिंधी तशीच राहिली. पन वच्छला अशी चुकनारी होती काय? वीस वर्षांत एकडाव नाई चुकली. माह्या हातात ब्रेक होता, पौर्णिमे. गार्डाले गाडी थांबवता येते. म्या म्हटलं, घरच्यासाठी गाडी थांबवली तं सायबाले काय सांगू? अन् मी हिरवी हलवली. ती लाल दाखवून राहिली होती, अन् मी तिले हिरवी दाखवून पुढं गेलो."

बाबांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आई गेली तेव्हाही ते रडले नव्हते. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही.

मी म्हणाले, "मग इथे तरी थांबवा ना बाबा, तिच्यापुढे."

"हिंमत नाई होत. थांबलो तं तिच्या तोंडाकडं पाहा लागन."

"उद्या थांबवा."

एवढं बोलून मी संध्याकाळच्या बसनं अकोल्याला परतले. तेव्हाच मीही तोंड उघडायला हवं होतं. मी उघडलं नाही. काय सांगायचं होतं, ते पुढे येईलच.

सोमवारी दुपारी बाबांचा फोन आला. आवाज मोकळा होता. "आज थांबवतो," म्हणाले.

पाच वाजता जीवनचा फोन आला. जीवन म्हणजे आमचा शेजारी. "पौर्णिमाताई, लवकर या. काका खुर्चीतच..."

मी पोचले तेव्हा बाबांना खाली आणलं होतं. चेहरा शांत होता. मी वर गेले. गाडी मधल्या फळीवर उभी होती, गार्डचा डबा बरोबर आईच्या समोर. बाबांनी गाडी थांबवली होती.

मला वाटलं, आता कापड हिरवं असेल.

लाल होतं.

तेरवी झाली. घर भाड्यानं द्यायचं ठरलं. मी फक्त मधली फळी अकोल्याला आणली. तिच्यावर फळीपुरताच रूळ आहे, कशालाच न जोडलेला. तार नाही, वीज नाही. इंजिन आणि डबे मी खोक्यात भरून, दोरीनं बांधून माळ्यावर टाकले.

तिसऱ्याच दिवशी शाळेतून आले. चार चाळीस झाले होते.

आतल्या खोलीतून आवाज आला... खट्-खट्... खट्-खट्...

मग थांबला.

मी गेले. रुळावर गार्डचा डबा उभा होता. एकटाच. आईच्या समोर. माळ्यावरच्या खोक्याची दोरी जशीच्या तशी होती.

आईच्या हातात लाल कापड.

रोज तेच होतं. रोज मी तो डबा खोक्यात ठेवते, हिरवा तुकडा लावते, आणि रोज चार चाळीसला तो डबा येऊन उभा राहतो. आधी मी स्वतःला सांगायचे, बाबांना अजून माफी मिळालेली नाही. पण बाबा तर थांबले ना. रोज थांबतात. मग आई अजून लाल कुणाला दाखवते?

मला ते पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

आई गेली त्या दिवशी तिचे तीन फोन आले होते. मला. पहिला चार पंचवीसला. ट्यूशन सुटली होती. मी मैत्रिणींबरोबर हातगाडीवर दह्यातला गिला वडा खात उभी होते. फोन हातात होता. लवकर ये म्हणेल, म्हणून मी उचलला नाही. तिन्ही वेळा नाही. मग ते मिस्ड कॉल पुसून टाकले आणि बाबांना सांगितलं, बॅटरी संपली होती.

मी उचलला नाही, म्हणून आई लाल चिंधी घेऊन मागच्या दारात गेली.

बाबांनी त्या रविवारी माझ्यापुढे सगळं ओकलं. मी समोर बसून ऐकलं, आणि माझं माझ्यापाशीच ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते गेले. सगळा दोष आपलाच आहे असं धरून गेले.

मागच्या आठवड्यात मी त्या फळीसमोर बसून मोठ्यानं सांगितलं. "आई, फोन वाजला होता. मी पाहिला होता."

मग फळीवर चादर टाकली. कापडाचा रंग बघायची हिंमत झाली नाही. अजून होत नाही.

आज हे लिहीत बसले आहे. आत्ताच चादरीखाली आवाज झाला... खट्-खट्...

डबा आईसमोर थांबला आहे. मी चादर उचलून तिच्याकडे बघत नाही, तोवर तो पुढे जाणार नाही.