बेळगुंदीच्या आण्णाप्पाची बाटली

माझे सासरे परशराम, त्यांचे चिरंजीव भावकू म्हणजे माझे यजमान, आणि आमचा मुलगा रविराज. येळ्ळूरच्या आमच्या घराने तीन पिढ्या पलटणीला दिल्या. चौथा माझा नातू सूरज. तो नोकरीवरून परतला आणि पाणी पिईनासा झाला. पेला ओठांशी नेई, मग शेजारच्या रिकाम्या जागेपुढे धरी. सलाईनवर किती दिवस काढणार?

बेळगावच्या डॉक्टर चंदनाबाईंनी मला एकटीला आत बोलावले.

“अज्जी, सूरज सांगतो ती लढाई त्याने पाहिलेलीच नाही. पलटणीकडून खात्री केली मी. सगळी नोकरी पुण्याच्या गोदामात झाली. न घडलेल्या गोष्टीवर उपचार कसे करू?”

“आमच्या घरात कुणी खोटं बोलत न्हाई, डॉक्टरीणबाई. बोलवा त्याला.”

सूरज आला. फरशीकडे पाहत बोलू लागला.

“वाळू हुती, आज्जी. बेळगुंदीचा आण्णाप्पा बाजूला पडलेला. बाटलीतला शेवटचा घोट त्यानं मला पाजला. वर हसून म्हणतोय, ‘फुकट न्हाई रं भावड्या, भरून आणून दे.’ मी पाणी घिऊन येईस्तोवर गेलता. बाटली माझ्याकडंच ऱ्हायली. बुडाला खिळ्यानं त्रिशूळ कोरलाय.”

एकाहत्तरच्या लढाईवरून परतल्यावर यजमानांनी हे एकदाच, मला एकटीला सांगितले होते. सूरजच्या जन्माआधी ते गेले. त्यांची ताकीद मी आजवर पाळत आले होते: ‘पितरांच्या म्हाळाला माझ्या पानाशेजारी पाणी ठेवू नगंस, आण्णाप्पाचं पाणी द्यायचं ऱ्हायलंय.’

त्रिशुळाचे मात्र मलाही ठाऊक नव्हते.

घरी यजमानांच्या ट्रंकेतली ती बाटली काढली. खाकी खोळ उसवली. तळाला त्रिशूळ होता.

आमच्या विहिरीचे पाणी भरून आम्ही भर दुपारी बेळगुंदी गाठली. आण्णाप्पांच्या पत्नी नागुबाई ओसरीवर बसल्या होत्या. आम्ही तोंड उघडण्याआधीच त्या सूरजकडे पाहून म्हणाल्या,

“आलास व्हय रं भावकू? लई उशीर केलास.”

त्यांनी बाटली नवऱ्याच्या फोटोखाली ठेवली.

थोड्या वेळाने सूरजने पाणी मागितले. तांब्याभर पाणी घटाघटा प्याला.

निघताना मी बाटली उचलून पाहिली. झाकण मी लावले तसेच घट्ट होते.

बाटली रिकामी होती.

“पोचलं,” नागुबाई म्हणाल्या. “समदं पोचलं.”

फोटोच्या काचेवरून पाण्याचा ओघळ उतरत होता. आतल्या बाजूने.