अडतीसचा आर्मस्ट्राँग, सत्तेचाळीसचा रॉबिन्सन

१९६१च्या नोव्हेंबरातला दुसरा रविवार. दारव्ह्याच्या वाचनालयात नलूने जुन्या इंग्रजी क्रीडा-साप्ताहिकांचा गठ्ठा ओढला, तर त्याचं दुसरं टोक कुणाच्या तरी हातात होतं. एका निवृत्त फॉरेस्ट ऑफिसरने देऊन टाकलेले ते अंक आजवर तिच्याशिवाय कोणी मागितले नव्हते. तीही ट्रेनिंग कॉलेजचं इंग्रजी सुधारावं म्हणूनच वाचायची.

“तुमी घ्या,” तो तरुण म्हणाला. “मले एवढं इंग्रजी येत नाही. फोटो पाहून राह्यलो होतो.”

तो धर्मपाल. पलटणीतून परतून कापसाच्या जिनिंगात कामाला लागलेला. पलटणीत तो मुष्टियुद्ध खेळायचा, वेल्टरवेट गटात. म्हणजे वजन एकशे सत्तेचाळीस पौंडांच्या आत.

मग दर रविवारी ती वाचून दाखवू लागली आणि तो समजावून सांगू लागला. आर्मस्ट्राँग आणि रॉबिन्सन या दोन अमेरिकी वेल्टरवेट विजेत्यांत कोण कोणाला हरवेल, यावर वाद ठरलेला.

“रॉबिन्सनच्या डाव्या हातापुढं आर्मस्ट्राँग टिकत नाही,” धर्मपाल म्हणाला.

“त्रेचाळीस साली झाली ना त्यायची लढत? रॉबिन्सन जिंकला. मंग वाद कायचा?”

“तवा आर्मस्ट्राँग उतरणीले लागला होता. ते धरू नका. त्याले अडतीसचा आणा, याले सत्तेचाळीसचा. मंग पाहू.”

“मंग माझा आर्मस्ट्राँग. तो मागं सरकतच नाही.”

“मागं सरकाले बी अक्कल लागते, नलूबाई.”

“तुमी सरकता?”

“समोर कोण हाये, ते पाहून...” तो म्हणाला, आणि नलूने उगाच पान उलटलं.

फेब्रुवारीत धर्मपालच्या काकांनी नलूच्या वडिलांकडे, बापूजींकडे, शब्द टाकला. पलटणीतलं त्याचं नाव बापूजींच्या कानावर होतंच. रविवारची बैठक ठरली. शनिवारी धर्मपाल वाचनालयात आला तो अंकांकडे न पाहता.

“बापूजीनं अठ्ठावन्न सालच्या धर्मपालले पसंत केलं,” तो हळू म्हणाला. “त्या साली मी पलटणीत पहिला होतो. पुढच्या साली मार लागला. डाव्या डोळ्यानं दिसत नाही मले. घरी कोणाले सांगितलं नाही... उद्या मी येत नाही.”

नलूने समोरचा अंक मिटला.

“अन् तीन महिने माझ्यासंग भांडला तो कोण होता? अठ्ठावन्नचा?”

तो दाराकडे वळला.

“उद्या या. तुमच्याच तोंडानं सांगा. बापूजी नाही म्हणतीन, तर मले ऐकू द्या. तुमी न येता मोडलं, तर मी कोणावर रागावू?”

धर्मपाल आला. चहा यायच्या आधीच त्याने सगळं सांगितलं. काकांनी मान खाली घातली. बापूजी नलूकडे वळले.

पाच वर्षांपूर्वी नागपूरला धम्मदीक्षा घेऊन आल्यावर बापूजींनी वस्तीत एक रीत घातली होती. पत्रिका नाही, मुहूर्त नाही. मुलीला भर बैठकीत विचारायचं. पण आजवर विचारलेली प्रत्येक मुलगी खाली पाहत राहिली होती, आणि सगळ्यांनी तोच होकार धरला होता. त्यातल्या एकीचा तो होकार नव्हता, हे बापूजींना फार उशिरा कळलं होतं.

नलूचीही मान खाली गेली होती.

“खाली पाहू नको,” बापूजी म्हणाले. “मी आज मानेवर जाणार नाही. माह्या मनात भेव हाये, ते बी सांगतो. आता तू बोल.”

नलूने वर पाहिलं.

“मले पसंत हायेत,” ती म्हणाली. “यायच्या डाव्या अंगानं मी चालीन.”

बापूजींनी डोळे पुसले नाहीत, लपवलेही नाहीत. “बस मंग,” एवढंच म्हणाले.

नलू सतरंजीवरून गेली आणि धर्मपालच्या डाव्या बाजूला बसली. तिला पाहायला त्याने अख्खी मान वळवली.