खिडकी क्रमांक तीन, सकाळी आठ

सकाळी आठच्या सुमारास नगरपालिकेच्या दालनात ऊन दारातून येत नाही. ते आधी वरच्या झरोक्याच्या काचेवर थबकते, तिथली धूळ जराशी सोनेरी करते. मग भिंतीवरून, जन्मनोंदणीच्या पाटीवरून, रिकाम्या बाकांच्या पाठींवरून, कुणाची झोप मोडू नये अशा बेताने उतरत माझ्या खिडकीच्या लाकडी फळीपर्यंत पोचते. तोवर पावणेनऊ होतात. हे आजवर कुणी पाहिले नसावे, कारण कचेरी दहाला उघडत असे. त्या महिन्यात मात्र ती प्रयोग म्हणून आठला उघडत होती, आणि दहापर्यंत किती नागरिक येतात याची नोंद ठेवणे माझ्याकडे आले होते. वहीत रकाने दोनच होते — वेळ आणि काम. नावाचा नव्हता.

पहिल्या दिवशी ऊन फळीवर पोचले आणि त्यात एक हात आला. मनगटावर मोठ्या तबकडीचे घड्याळ, बोटांत भाचीच्या जन्मदाखल्याचा अर्ज. समोरच्या थांब्यावरून सुटणारी नऊ वीसची बस ती चालवत असे. दाखला मी पाच मिनिटांत दिला. तिने तो वाचला, माझ्याकडे पाहिले, पुन्हा वाचला...

दुसऱ्या दिवशी तिला आणखी एक प्रत हवी होती. तिसऱ्या दिवशी थांब्यावरच्या दिव्याची तक्रार. मग रस्त्यावर आलेली फांदी, मग वाचनालयाची वेळ, मग पुन्हा तोच दिवा — जो लागल्याचे मी स्वतः जाऊन पाहून आलो होतो. मी गोंधळलो. माझ्याच सांगण्यात काही उणे राहत असणार, म्हणून उत्तरे घरी पाठ करू लागलो. आईने एकदा दारातूनच विचारले, "कचेरी आठची आणि तू सहापासून आरशापुढे? दिव्याची माहिती द्यायला भांग पाडावा लागतो होय रे?"

माझ्या खिडकीवर 'चौकशी' अशी पाटी होती, म्हणून ती मला चौकशीसाहेब म्हणे.

"चौकशीसाहेब, तुम्ही स्वतः कधी कुणाची चौकशी करता की नाही?"

"म्हणजे — कोणत्या विभागाची?"

तिने मनगटावरचे घड्याळ पाहिले. "राहू द्या," म्हणाली, "उद्या येते."

मी वहीत लिहिले : आठ पन्नास, काम अपूर्ण.

शेवटच्या सकाळी तिच्या हातात कागद नव्हता.

"आज काही काम नाही."

"मग...?"

"माझी बस साडेपाचला थांब्यावर परत येते. तुमची कचेरी किती वाजता सुटते, तेवढं सांगा."

"साडेपाचला."

"मग झालं तर," ती म्हणाली, आणि गेली. कार्यालयीन वेळेबाबत विचारणा, अशी मी नोंद केली. अक्षर मात्र वाकडे आले, का ते कळेना.

अकराला साहेबांच्या खोलीत बैठक होती. आठची वेळ कायम करायची की नाही, हे माझ्या वहीवर ठरणार होते. मुख्य लिपिक बाई माझ्याशेजारी बसल्या होत्या. त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. महिनाभर बाई त्यांना अंधारातच उठवून, घाईघाईने दोन घास भरवून येत होत्या. त्या कधी बोलल्या नाहीत. त्यांच्या बाहीवरचा पेजेचा डाग मात्र मी रोज पाहत होतो.

साहेबांनी वही चाळली. चोवीस नागरिक म्हणजे काही कमी नाहीत, असे ते म्हणाले, आणि त्यांनी पेनाचे टोपण काढले.

बाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मी गप्प राहिलो असतो तर एकही नोंद खोटी ठरली नसती. ते ऊन, तो हात, रोज सकाळी... सगळे कायम झाले असते.

"चोवीस नाहीत, साहेब," मी म्हणालो. "चोवीस वेळा आलेली एकच व्यक्ती आहे."

साहेबांनी चकित होऊन विचारले, की तिचे एवढे कोणते काम अडले होते, आणि कोणत्या विभागात?

मी उघड्या वहीकडे पाहिले. दाखला, प्रत, दिवा, फांदी, वाचनालय, पुन्हा दिवा...

"काम नव्हतं, साहेब. ती मला भेटायला येत होती."