चाळीस नावांचा लखोटा

विरुपाक्ष मास्तरांचं एक वागणं बसम्माला कधीच रुचलं नव्हतं. माणूस तीन वर्षं तिच्या पुढच्या खोलीत बसून मासिकाचं काम करतो, तिचाच चहा पितो, पण भाकरीला हाक मारली की आपला डबा पुढं ओढतो. रोज दहीभात. आमची ज्वारी दाताला टोचती व्हय, असं तिनं एकदा विचारलंही होतं. मास्तर नुसते हसले होते.

आज हसायची सोय नव्हती.

साखर पेठेतल्या त्या खोलीतून ‘सरळ वाट’ निघे. पगार कुणालाच नाही. ज्याला काही सुधारावंसं वाटे त्यानं हिंडून, विचारून लिहून आणावं, बाकीच्यांनी तपासावं. रात्रशाळेतली दाक्षायणी वर्षभर विडीवाल्या बायांच्या दारोदार फिरली होती. चांगल्या विड्याही ‘छाट’, म्हणजे खराब म्हणून कारखाना कशा फुकट काढून घेतो, ते तिनं लिहिलं होतं. सांगणाऱ्या चाळीस बायांच्या नावांचा कागद लेखाबरोबरच लखोट्यात. तपासणाऱ्यांनी नावं बघायची आणि कागद लगेच बसम्माच्या चुलीत टाकायचा, हा तिथला रिवाज.

गिरणीचा तीनचा भोंगा झाला तसा तपासायला बसलेल्या मास्तरांनी लखोटा कडेनं फाडला. लेख होता. नावं नव्हती.

काल बसम्माअव्वांसमोरच लेख आणि नावं दोन्ही आत घातली आणि लखोटा इथंच ठेवला, असं दाक्षायणी सांगू लागली. मास्तर शांतपणे म्हणाले, लखोटा तर बंद होता. म्हणजे नावं कधी नव्हतीच. बाया मनानं रचलेल्या, लेख परत. तपासणारे दुसरे, गिरणीतले कारकून हरिदास, लेखाची पानं उलटून बघू लागले. लेख बुडाला तर तिचं वर्ष जाणार होतं. पण तो कागद कारखान्यात पोचला, तर चाळीस बायांचं काम जाणार होतं.

बसम्मानं दाराला आतून कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. वैशाखात पत्रा नुसता भाजत होता. मास्तरांना चारला कुठंतरी पोचायचं होतं. ते दोनदा उठले, दोनदा बसले.

बसम्माला सही सोडून अक्षर येत नव्हतं. तिनं लखोटा उलटा केला आणि खिडकीशी धरला. झाकणाच्या कडेला तांबड्या मुंग्यांची रांग लागली होती.

“दुपारी हितं कोन व्हतं?”

“मी जेवत होतो,” मास्तर म्हणाले. “मग हात धुवायला परसात गेलो. तेव्हा हरिदास एकटेच होते.”

“हरिदास, तुमी काय खाल्लं?”

“तुमच्या चुलीपुढं बसून भाकरी, अव्वा. तुम्हीच वाढली की.”

“व्हय. मास्तर, डबा उघडा.”

“रिकामा आहे तो.”

“मग उघडायला काय जड?”

मास्तरांचा हात डब्यावरून हलेना. बसम्मा सावकाश बोलली.

“काल लखोटा मी चिकटवला. माझ्या खळीत मोरचूद आसतं, मुंगी तिच्या वाऱ्याला उभी ऱ्हात न्हाई. मग ह्या कशावर आल्या? भाताच्या शितावर. ओल्या बोटानं झाकण सोडवलं, कागद काढला, आन् परत लावायला शितं चोळली. खळीचं मडकं माझ्या चुलीपाशी, ते मागता येत नव्हतं. माझ्या घरात आज भात शिजलाच न्हाई, भात व्हता तो तुमच्या डब्यात. आन् लखोटा झाकन सोडून कडेनं फाडला तो बी तुमीच. झाकनाकडं कुनाचं ध्यान जाऊ नये.”

हरिदासांनी डबा ओढून घेतला. खालच्या पुडात घडी केलेला कागद होता, दह्याचा वास येणारा.

मुलाला त्याच कारखान्यात चिकटवलंय, मास्तर पुटपुटले. मुकादमानं आज चारला नावं मागितली होती. नाही म्हणायला जागाच ठेवली नव्हती त्यानं.

दाक्षायणीनं चाळीसही नावं हरिदासांना वाचून दाखवली. लेख घ्यायचा, ते म्हणाले. कागद चुलीत गेला. तो पुरता जळेपर्यंत बसम्मा चुलीपुढून हलली नाही. मग तिनं कुलूप काढलं आणि दारात उभी राहिली.

“पोरासाठी चाळीस घरं इकाया निघाला, मास्तर. तीन वर्सं म्हनते, आमची भाकरी खावा. भाकरीनं लखोटा चिकटत न्हाई. खाल्ली आसती तर ही बेइमानी जमली नसती तुमाला. आता ह्या घरातला चहा बी बंद.”